देणगीचा क्यूआर कोड संस्थेच्याच नावाचा हवा: नोंदणी, कागदपत्रं, बँक खातं

हल्ली छोट्याशा देवळाच्या दानपेटीवरही क्यूआर कोड लावलेला असतो. स्कॅन केल्यावर मोबाइलवर नाव मात्र येतं खजिनदाराचं किंवा पुजाऱ्याचं. हेतू कितीही स्वच्छ असो, हे थांबायलाच हवं. उद्या ती व्यक्ती वारली किंवा समितीत वाद झाला, तर भाविकांनी वाहिलेला पैसा तिच्या बचत खात्यातून सोडवताना विश्वस्तांच्या नाकी नऊ येतात.

संस्थेच्या नावाचा कोड हवा तर आधी नोंदणी. महाराष्ट्रात सार्वजनिक देऊळ, मठ, चर्च, विहार यांची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली होते (वक्फ मिळकतींची वक्फ मंडळाकडे). न्यास (ट्रस्ट) स्थापन झाल्यापासून ३ महिन्यांत सहायक किंवा उप धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करायचा. सोबत न्यासपत्र किंवा घटना, विश्वस्तांची संमतिपत्रं व ओळखपत्रं, प्रतिज्ञापत्र, जागेचा पुरावा आणि जागा दुसऱ्याची असल्यास मालकाचं ना हरकत पत्र जोडा. मालमत्तेच्या तपशिलात घाई नको: चांदीचा मुखवटा, पादुका, दागिने वजनासह लिहा. चौकशी होऊन नोंद झाली की प्रमाणपत्र मिळतं.

मग न्यासाच्या नावे पॅन आणि बँक खातं. बँकेला प्रमाणपत्र, न्यासपत्र, पॅन, सह्या करणाऱ्यांची केवायसी आणि खातं कोणाच्या सह्यांनी चालेल याचा ठराव लागतो. याच खात्याला जोडलेला कोड बँकेकडून घ्या. लावण्याआधी १ रुपया पाठवून नाव तपासा, आणि आपल्या कोडवर कुणी दुसरं स्टिकर चिकटवलं नाही ना, हे रोज दार उघडताना पाहा.

विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, दाखल करा. जुन्याच सह्यांवर वर्षानुवर्षं रेटणाऱ्या संस्थांचे व्यवहार इथेच अडकतात. नोंदणी नसलेल्या उत्सव मंडळांनी वर्गणीसाठी याच अधिनियमाच्या कलम ४१सी खाली परवानगी घ्यावी.

‘८०जी सवलत’ (देणगीदाराला आयकरात मिळणारी सूट) असा फलक प्रमाणपत्राशिवाय लावू नका. केवळ धार्मिक कार्य करणाऱ्या संस्थेला ते सहसा मिळत नाही. असलं तरी २००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही.

परदेशी नागरिकाची देणगी या खात्यात घेऊ नका. त्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाकडची एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं वेगळं खातं लागतं.