पँटचा घेर आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग

लंडनच्या डबलडेकर बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून असे आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला पाच-सातशे पायऱ्या चढे. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये या दोघांची तुलना ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली. हृदयविकार ड्रायव्हरांना जास्त. तीन वर्षांनी याच गटाने गणवेशांची मापं काढून पाहिली, तर ड्रायव्हरांच्या पँटचा घेर कंडक्टरांपेक्षा मोठा निघाला. मग दोष बसून राहण्याचा, की मुळात जाड माणसंच स्टिअरिंगवर बसत होती? वजन आणि हालचाल यांची ही गुंतागुंत पुढे कर्करोगाच्या अभ्यासातही तशीच आली.

तिथे ती पोचली १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसमध्ये. डेव्हिड गॅराब्रँट आणि सहकाऱ्यांनी कॅन्सर रजिस्ट्रीतल्या, म्हणजे कर्करोगाच्या रुग्णांच्या नोंदवहीतल्या, सुमारे तीन हजार पुरुषांचे फक्त पेशे पाहिले. बैठ्या नोकरीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका किमान १.६ पट होता, गुदाशयाच्या कर्करोगाशी मात्र कामाचा काही संबंध दिसेना. माझ्या मते या विषयाची खरी सुरुवात इथे झाली, कारण ‘आतड्याचा कॅन्सर’ म्हणून एकत्र मोजलेली गोष्ट एक नव्हती.

कारण काय, यावर आधी सोपं उत्तर होतं: हालचालीने आतडी चालतात, मळ आत कमी वेळ राहतो. नव्वदच्या दशकात इन्सुलिनचा मुद्दा पुढे आला. पोटावरच्या चरबीने रक्तातलं इन्सुलिन चढतं आणि ते पेशींना वाढायला लावतं. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वजन वाढू न देणं आणि हालचाल, दोन्हींबाबत आतड्यापुरता पुरावा पुरेसा असल्याचं मान्य केलं.

एव्हाना कर्करोगाच्या गाठींचे तुकडे प्रयोगशाळेत तपासले जाऊ लागले होते. १९९३ मध्ये कळलं, की काही गाठींत डीएनएची नक्कल करताना होणाऱ्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच बंद असते. १९९९ मध्ये आणखी एक प्रकार सापडला: जनुकांवर मिथाइल या छोट्या रासायनिक गटाचे ठिपके बसून ती गप्प झालेली. २०१० च्या एका मोठ्या अभ्यासात दुरुस्ती शाबूत असलेल्या गाठींचा धोका वजनाबरोबर चढत गेला, बिघडलेल्यांचा जवळजवळ नाही. चित्र किती स्वच्छ! पण २०१५ मध्ये लिंच सिंड्रोमच्या, म्हणजे हा बिघाड जन्मतःच घेऊन आलेल्या लोकांत लठ्ठपणाने धोका दुपटीहून जास्त दिसला, आणि ॲस्पिरिन घेणाऱ्यांत तो फरक दिसेना. त्यामुळे ‘या प्रकाराला वजन लागू नाही’ असं ठोकून सांगणाऱ्याचं मी ऐकत नाही.

मिथाइलच्या बाबतीत सगळ्यात चमत्कारिक धागा नेदरलँड्सचा. तिथे १९८६ पासून ५५ ते ६९ वयाच्या १ लाख २० हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांचा पाठपुरावा केला गेला. ही पिढी दुसऱ्या महायुद्धातल्या १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात ऐन तारुण्याच्या आसपास होती. पश्चिमेकडच्या शहरांत रेशन दिवसाला ४०० ते ८०० कॅलरींवर आलं होतं. तो हिवाळा तिथे काढलेल्यांत मिथाइलवाल्या गाठी कमी आढळल्या. या अभ्यासात कोणाची कंबर टेपने मोजलेली नाही. लोकांनी घरी भरलेल्या प्रश्नावलीत आपल्या पँटचा किंवा स्कर्टचा साइज लिहिला, तोच घेर धरला गेला.