कोरा रकाना आणि पुराचं पाणी

पावसाळ्यात सांगलीत ओळखीचं माणूस भेटलं की तब्येतीची चौकशी नंतर होते. आधी प्रश्न येतो, "आयर्विनला किती फूट?" 1929 साली खुल्या झालेल्या या पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आहे आणि धोका पातळी 45. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, त्यामुळे हा प्रश्न कुणी सहज म्हणून विचारत नाही.

समजा, याचं उत्तर देणारं एक पान मोबाईलवर आहे. वर कृष्णेची पातळी, त्याखाली कोयनेतून सुटणारा विसर्ग, शेवटी मार्केट यार्डातले हळदीचे दर. पाणी 40 फुटांपुढे गेलं की पानाच्या डोक्यावर इशाऱ्याची लाल पट्टी येते, ओसरलं की जाते. यार्डात सौदे झाले नाहीत त्या दिवशी दरांचा तक्ता दिसतच नाही. हे सगळं दिवसभर कुणी बसून चढवत-उतरवत नाही. मग ठरवतं कोण?

असं पान बहुतेक वेळा तयार स्वरूपात कुठे ठेवलेलंच नसतं. सर्व्हरवर एक साचा असतो आणि माहिती वेगळीकडे, डेटाबेसच्या टेबलांत. तुम्ही पान मागितलं की प्रोग्राम डेटाबेसला विचारतो, "आजच्या तारखेची हळदीची एखादी तरी नोंद आहे का?" असेल तर तक्त्याचा भाग साच्यात भरला जातो, नसेल तर तो भाग वगळून पान पाठवलं जातं. तक्ता दाखवायचा की नाही, एवढंच ठरवायचं असेल तर सगळ्या नोंदी मोजत बसू नये. 'आहे का' असं विचारलं की डेटाबेस पहिली नोंद सापडताच थांबू शकतो. 'किती आहेत' विचारलं की त्याला शेवटपर्यंत जावं लागतं. नोंदी लाखांत असल्या की हा फरक जाणवतो.

इथवर सरळ आहे. गुंता आहे तो 'नाही' या उत्तरात.

कोयना धरणाचे सहा वक्र दरवाजे उघडून पाणी सोडलं की त्याची झळ कराडमार्गे सांगलीपर्यंत पोचते. म्हणून इथला माणूस विसर्गाच्या आकड्याकडे डोळे लावून असतो. दरवाजे बंद झाले की टेबलात आकडा पडतो 0. आता प्रोग्रामरने साच्यात नियम लिहिलाय, 'विसर्ग रिकामा असेल तर तो भाग लपव.' पीएचपी या लोकप्रिय भाषेत रिकामेपण तपासायला 'एम्प्टी' नावाची सोय आहे, आणि तिच्या लेखी शून्यसुद्धा रिकामंच. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेतही नुसत्या 'जर विसर्ग' या अटीत शून्य नापास होतं. परिणाम काय? दरवाजे बंद झाल्याच्या ज्या बातमीची गाव वाट बघत होतं, तीच पानावरून गायब. चूक एका शब्दाची, पण ती ज्या दिवशी बाहेर येते तो दिवस नेमका वाईट असतो.

याच्या उलटा प्रकार जास्त घातक. पाणी चढत असताना पातळी मोजणारं यंत्र बंद पडलं किंवा नोंद पाठवणारी लाईन गेली, तर त्या तासाचा रकाना कोरा राहतो. डेटाबेसच्या भाषेत या कोऱ्या रकान्याला 'नल' म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे, रिकामा मजकूरही नव्हे. 'किंमत ठाऊक नाही' एवढाच त्याचा अर्थ. एडगर कॉड यांनी 1970 साली माहिती टेबलांच्या रूपात मांडण्याचा पाया घातला. त्या पायावर उभ्या राहिलेल्या एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत प्रश्नाला दोन नाही, तीन उत्तरं असतात: हो, नाही आणि माहीत नाही.

हे तिसरं उत्तर कसं फसवतं ते बघा. टेबलात तीन ठिकाणांच्या नोंदी आहेत: पहिलीत 43 फूट, दुसरीत 31 फूट, तिसरीत नल. विचारलं, "पातळी 40 किंवा जास्त कुठे आहे?" पहिलं ठिकाण मिळतं. विचारलं, "पातळी 40 पेक्षा कमी कुठे आहे?" दुसरं मिळतं. तिसरं ठिकाण दोन्ही याद्यांत नाही! कारण ठाऊक नसलेला आकडा 40 पेक्षा मोठा की लहान, याचं उत्तर 'माहीत नाही', आणि एसक्यूएल फक्त 'हो' असलेल्या ओळी हातात देतं. इतकंच काय, नल बरोबर नल का, याचंही उत्तर 'माहीत नाही' असंच येतं. कोरा रकाना शोधायचा तर 'हा नल आहे का' असं वेगळं विचारावं लागतं.

आता लाल पट्टीचा नियम आठवा: 40 किंवा जास्त असेल तरच दाखव. यंत्र बंद पडलं, उत्तर 'माहीत नाही' आलं, पट्टी गेली. बघणाऱ्याला वाटतं, पाणी ओसरलं. मला विचाराल तर हळदीचा तक्ता खुशाल लपवा, सौदे नाहीत हे व्यापाऱ्याला कळतंच. पण जिथे न दिसण्याचा अर्थ लोक 'सगळं ठीक' असा घेतात, तिथे भाग लपवायचाच नाही. "शेवटची नोंद पहाटे 4 वाजता, त्यानंतर माहिती आलेली नाही" असं ठळक लिहायचं. या पानाला त्यामुळे दोन नव्हे, चार अवस्था लागतात: आकडा आहे, शून्य आहे, आकडा नाही, आणि आकडा आहे पण शिळा आहे. चौथी हमखास विसरली जाते. गर्दी झेलायला पानाची प्रत मध्येच साठवून ठेवण्याची पद्धत आहे. ती प्रत वेळेवर बदलली नाही तर डेटाबेसमध्ये 44 आणि मोबाईलवर 39.

लपवणं कुठे होतं, हाही मुद्दा आहेच. भाग सर्व्हरवरच वगळला तर तो तुमच्यापर्यंत येतच नाही. दुसऱ्या पद्धतीत तो येतो, पण ब्राउझरला सांगितलेलं असतं की दाखवू नकोस. ही सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवातली, म्हणजे जमिनीखालच्या कोठारातली, हळद: वरून जमीन सपाट दिसते, झाकण उचलणाऱ्याला माल मिळतो. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात 2021 मध्ये शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर शिक्षकांचे सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे तिथले खाजगी सरकारी ओळख क्रमांक, असेच पानाच्या आतल्या मजकुरात सापडले. पडद्यावर ते दिसत नव्हते. एका पत्रकाराने ते खात्याच्या नजरेस आणून दिले, तर गव्हर्नरनी त्यालाच हॅकर ठरवून खटल्याची भाषा केली. 2022 मध्ये सरकारी वकिलांनी खटला भरायला नकार दिला. मेनू, घडी घालून ठेवलेली माहिती, जास्तीचे फोटो यांना ब्राउझरमधलं लपवणं ठीक. खाजगी काही असेल तर ते पाठवायचंच नाही.

अशी पानं बहुधा उन्हाळ्यात बनतात, नदी निवांत असताना. तेव्हा टेबलात सगळे आकडे जागच्या जागी असतात आणि पान झकास दिसतं. म्हणून तपासणाऱ्याने वेगळ्या चाचणी-टेबलात मुद्दाम वाकड्या नोंदी घालाव्यात: 39.9, 40, 0, कोरा रकाना, कालची तारीख, आकड्याच्या जागी नुसता डॅश. मग प्रत्येक वेळी पान नव्याने उघडून बघावं की लाल पट्टी कधी येते, कधी जाते आणि कोऱ्या रकान्याला पान काय बोलतं.