मोटारसायकलचे व्हील बॅलन्सिंग

टायर, रिम आणि व्हॉल्व्ह मिळून बनलेल्या चाकाचे वजन परिघावर सगळीकडे सारखे नसते. जड बाजूच्या समोर छोटी वजने लावून हा फरक भरून काढण्याच्या कामाला व्हील बॅलन्सिंग म्हणतात. मोटारीचा टायर बदलला की ते ओघानेच होते. मोटारसायकलच्या बाबतीत मात्र ‘काही गरज नाही’ म्हणणारेही पुष्कळ भेटतात. दोन्ही बाजूंचा अनुभव खरा असतो, फरक असतो तो वेगाचा.

चाक फिरताना जड बाजू बाहेरच्या दिशेने ओढते आणि ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १७ इंची रिमवरचा २० ग्रॅमचा फरक ताशी ५० किमीला जेमतेम एक किलोची ओढ लावतो. ताशी १०० किमीला तीच ओढ पावणेचार किलोच्या आसपास जाते, तीही सेकंदाला चौदा-पंधरा वेळा गरगर दिशा बदलत. पुढच्या चाकात दोष असेल तर हँडल थरथरते. मागच्या चाकाचा त्रास सीटखाली आणि फूटरेस्टवर जाणवतो, पण तो सहन होण्याजोगा असतो. म्हणून एकच चाक करायचे तर पुढचे करावे.

चाक अरुंद असल्याने मोटारीच्या चाकासारखे बॅलन्सिंगचे यंत्र लागतेच असे नाही. चाक काढून त्यातून दांडा घालतात आणि तो बेअरिंगच्या स्टँडवर मोकळा सोडतात. जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते. तिच्या बरोबर समोर ५ ग्रॅमची पट्टी तात्पुरती लावायची, चाक पाव फेरा फिरवून सोडायचे आणि ते सोडू तिथेच थांबेपर्यंत वजन कमी-जास्त करायचे. चाक गाडीवरच ठेवून हे नीट जमत नाही, कारण ब्रेक पॅडचे किंचित घासणेही कौल बदलते. शेवटी रिम स्वच्छ पुसून पट्टी पक्की चिकटवतात. धुळीवर चिकटवलेली पट्टी पहिल्याच पावसात गळून पडते. आऱ्यांच्या चाकाला आऱ्यावर बसणारी वजने मिळतात.

बऱ्याच टायरांवर रंगीत ठिपका असतो. तो सहसा टायरची हलकी बाजू दाखवतो आणि व्हॉल्व्हच्या अगदी लगत बसवायचा असतो, म्हणजे व्हॉल्व्हचे वजन परस्पर भरून निघते. वजन फारच लावावे लागले, तर टायर रिमवर अर्धा फेरा सरकवून पुन्हा तपासणे शहाणपणाचे.

शंभर-सव्वाशे सीसीची गाडी गावात ताशी ४०-५० किमीने चालवणाऱ्याला ठिपका जुळवला तरी बहुधा पुरते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग दुचाकींना बंद असले, तरी इतर महामार्गांवर ताशी ८०-९० किमी सहज गाठले जातात, तिथे बॅलन्सिंगचे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

प्रत्येक थरथर मात्र असंतुलनाची नसते. खड्ड्यात आपटून वाकलेली रिम, सैल झालेला कोनसेट (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग) किंवा रिमवर नीट न बसलेला टायर यांवर वजनांचा उपाय चालत नाही. टायर नीट बसला आहे की नाही, हे रिमच्या कडेलगत टायरवर असलेल्या बारीक गोल रेषेवरून कळते: ती रिमपासून सगळीकडे सारख्याच अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी आत गेलेली असेल, तर हवा सोडून कडेला साबणाचे पाणी लावावे आणि टायर पुन्हा बसवावा.