गढी (मराठवाडा) : जीर्णोद्धार आणि सामूहिक निवास

गढी म्हणजे गावातल्या उंचवट्यावर तटाबुरुजांच्या आत बांधलेला पाटील, देशमुख किंवा जहागीरदाराचा वाडा. किल्ल्याहून ती लहान असते आणि साध्या वाड्याहून बळकट. वेरूळची पाटीलकी असलेल्या मालोजीराजे भोसल्यांच्या गढीचे अवशेष आजही तिथे आहेत. बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यातल्या एका गावाचे तर नावच गढी आहे. अशी जुनी गढी दुरुस्त करून नातलगांचे संमेलन, ध्यानाचे किंवा लेखनाचे शिबिर, एखाद्या संस्थेची चिंतन बैठक यांसाठी एका वेळी एकाच गटाला राहायला देणे, याला इथे सामूहिक निवास म्हटले आहे. बोलताना लोक सर्रास ‘रिट्रीट’ म्हणतात.

गढीत शिरायचे ते मोठ्या दरवाजातल्या छोट्या दिंडीतून, मान लववून. आत देवडी, मग चौक, चौकाभोवती ओसरी आणि सोपे, त्यामागे माजघर. धान्यासाठी बळद आणि जमिनीखाली पेव, पाण्यासाठी आड. वेढा पडला तरी माणसे आत तग धरून राहावीत, असा सगळा विचार. आज गटाच्या निवासाला हीच रचना सोयीची पडते. येण्याजाण्याचा रस्ता एकच, स्वयंपाकघर एकच आणि सगळ्यांना सामावणारा चौक मधोमध. खोल्याखोल्यांनी वेगवेगळे पाहुणे उतरवले तर चौकाचा अर्थच जातो. म्हणून गढी अख्खीच द्यावी हे बरे.

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, 1949 मध्ये जहागिऱ्या खालसा झाल्या, पुढे 1961 चा कमाल जमीनधारणा कायदा आला. वसुली गेली, जमीन गेली, पोरे शिकायला शहरात गेली. बुरूज ढासळले आणि त्यांची पांढरी माती गाव घरे लिंपायला नेत राहिले.

जीर्णोद्धाराचा खरा कस लागतो तो माळवदाला. खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट (कड्या आणि फळ्या) किंवा किलचन (बारीक लाकडांची ओळ), त्यावर पाला आणि त्यावर मातीचा जाड थर, असे हे सपाट छत. उजेडासाठी त्याला साणे, म्हणजे छतातले झरोके, ठेवतात. पावसाळ्याआधी वर खारी माती टाकून ते धुमसायचे, म्हणजे ठोकून घट्ट करायचे, की पाणी आत उतरत नाही. पण जुनी माती न काढता दरवर्षी नवी टाकत गेले की छताचे ओझे वाढत जाते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे गेली, ती बहुतांशी अशाच घरांखाली. भिंती जाड, पण दोन्ही अंगांना दगड आणि मध्ये मातीची भर. दोन्ही बाजू बांधून ठेवणारा आरपार दगडच नाही. भिंती फुटल्या आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. ज्या घरांचे छत लाकडी खांबांच्या खणांवर पेललेले होते, त्यांतल्या कित्येकांच्या भिंती पडल्या तरी छत उभे राहिले. म्हणून माळवदाची जादा माती उतरवणे, खांब-तुळयांचे सांधे आवळणे आणि भिंतीत जागोजागी आरपार दगड घालणे, ही कामे रंगरंगोटीच्या आधीची आहेत. ती झाल्याशिवाय परक्या माणसाला त्या छताखाली झोपवू नये. भिंतींना सिमेंटचा गिलावाही नको. ओल आत कोंडते आणि आतली माती भुसभुशीत होते. चुन्याचा गिलावा भिंतीला श्वास घेऊ देतो.

दुसरा प्रश्न पाण्याचा. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, असा हा मुलूख. वीस-पंचवीस पाहुणे उतरले की गावाच्या नळयोजनेवर ताण येतो. आड उपसून स्वच्छ करणे, माळवदाच्या पन्हळींचे पाणी त्यात किंवा हौदात घेणे आणि उन्हाळ्यात गटच न घेणे हा प्रामाणिक मार्ग.

हंगाम हिवाळ्याचा. डिसेंबर-जानेवारीत गूळभेंडी ज्वारीचा हुरडा येतो; शेतात आगटी पेटवून कणसे भाजायची, तळहातांवर चोळायची आणि गरम दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायचे. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्षातल्या येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, गावे ओस पडतात, सगळे शेतावर भज्जी, उंडे आणि आंबील घेऊन जमतात. सोयऱ्याधायऱ्यांना, शहरातल्या मित्रांना त्या दिवशी आग्रहाने बोलावतात. गटाने एकत्र राहण्या-जेवण्याची रीत इथे बाहेरून आणावी लागत नाही.

बऱ्याच गावांत दसऱ्याला सोने द्यायला लोक गढीवर येतात आणि पोळ्याला मानाचा बैल गढीच्या दारातूनच निघतो. दुरुस्तीनंतर गढी कुलूपबंद पाहुणेघर झाली तर ही येजा तुटते. त्या दोन दिवसांचे बुकिंग घ्यायचे नाही आणि मोठा दरवाजा, नुसती दिंडी नव्हे, सकाळपासून उघडा ठेवायचा.