सिग्नल खराब येतोय? आधी उजेड कुठं सांडतोय ते बघा

खानापूरकडं पावसाळ्यात पन्हळीखाली घागर लावलेली सगळ्यांनीच बघितलीय. पन्हळ फुटकी असली तर खाली कितीबी मोठी घागर ठेवा, पाणी यायचं तेवढंच येणार. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या सिंटिलेटर डिटेक्टरचं तसंच आहे, आणि बेळगावात एमएस्सीच्या पोरांना प्रॅक्टिकल शिकवताना मला हे दरवर्षी सांगावं लागतंय, कारण पीक, म्हणजे ऊर्जेच्या आलेखातलं शिखर, पसरट आलं की पोरांचा पैला हात जातो अॅम्प्लिफायरच्या गेनवर, म्हणजे सिग्नल मोठा करायच्या बटणावर.

सिंटिलेटर म्हणजे किरणोत्सर्गानं चमकणारा पदार्थ. थॅलियम मिसळलेला सोडियम आयोडाइडचा क्रिस्टल रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी १९४८ साली पुढं आणला, आजबी लॅबमधी तोच दिसतो. सीझियम-१३७ चा ६६२ केईव्हीचा (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) गॅमा किरण त्यात पूर्ण जिरला की साधारण २५ हजार फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण, निघतात. ऐकायला लय वाटतंय, पण थोडे वाटेतच जातात आणि उजेडाचा विजेचा सिग्नल करणाऱ्या फोटोमल्टिप्लायर ट्यूबपर्यंत पोचलेल्या चारातल्या एखाद्याच फोटॉनमागं इलेक्ट्रॉन सुटतो, म्हणजे हाती राहिले पाचेक हजार. ट्यूब पुढं त्याचे दहा लाख पट करते हे खरं, पण मुळातल्या पाच हजारात दरवेळी सत्तरेक इकडं तिकडं होणारच, आणि गेन वाढवला की ही डगमगबी तेवढीच मोठी होते.

मग उजेड सांडतो कुठं? लय वेळा जोडावर. क्रिस्टलचा अपवर्तनांक (उजेड किती वाकतो त्याचं माप) १.८५, हवेचा १, त्यामुळं ट्यूब आणि क्रिस्टलच्या खिडकीमधी हवेचा नुसता पापुद्रा राहिला तरी ३३ अंशांपेक्षा तिरका आलेला उजेड मागं फिरतो. सिलिकॉनचं ऑप्टिकल ग्रीस लावलं की हीच मर्यादा ५० अंशांच्या पुढं जाते. आमचा एक डिटेक्टर असाच बिघडला होता, दोन दिवस केबल आणि अर्थिंग तपासत बसलो, शेवटी उघडला तर ग्रीसमधी भलामोठा बुडबुडा! उघडायच्या आधी हाय व्होल्टेज बंद करा हं, चालू ट्यूबवर खोलीतला उजेड पडला तर ती कायमची जाऊ शकते.

दुसरा शत्रू आपला पावसाळा. हा क्रिस्टल मिठासारखा ओल ओढून घेतो, सील गेलं की पिवळा पडतो, आणि त्याचा स्वतःचा उजेड ४१५ नॅनोमीटरचा, निळा-जांभळा, नेमका तोच ह्या पिवळेपणात जिरतो. मग ग्रीस लावून काय उपयोग नाही.

इलेक्ट्रॉनिक्सचं एकच सांगतो, ह्या क्रिस्टलची चमक विझायला २३० नॅनोसेकंद लागतात, म्हणून शेपिंग टाइम, म्हणजे अॅम्प्लिफायर एक सिग्नल गोळा करतो तेवढा वेळ, फार कमी ठेवू नका, अर्धा उजेड मोजायच्या आधीच दार बंद होतंय.

आणि पीक नुसतं जागचं हलत असेल तर तापमान बघा. भिंतीतल्या किरणोत्सर्गी पोटॅशियम-४० चं १४६१ केईव्हीचं पीक फुकटात मिळतंय, ते सकाळी कुठल्या चॅनलला (आलेखाच्या आडव्या अक्षावरच्या घराला) होतं ते वहीत लिहा आणि दुपारी परत बघा.