पार्श्वभूमी : एआयने लिहिलेल्या कार्यपद्धतीत संदर्भ कसे आले

सोलापूरच्या टॉवेल-चादरीच्या धंद्यात रंगाचे प्रमाण वर्षानुवर्षे डाइंग मास्तरच्या वहीत असायचे. मास्तरने कारखाना बदलला की वहीही त्याच्याबरोबर जायची. निर्यातीमुळे खरेदीदारांचे ऑडिट सुरू झाले, तेव्हा सायझिंग (सुताला खळ लावणे), डाइंग (रंगाई) आणि ईटीपीची (सांडपाणी शुद्धीकरण संयंत्राची) कार्यपद्धती कागदावर आली. बाहेरून आलेले दस्तऐवज, म्हणजे रंगाची माहितीपत्रके आणि मशीनची मॅन्युअल, ओळखून नियंत्रणात ठेवावेत अशी अट आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकातही आहे. ‘हा आकडा कुठून घेतला?’ हा ऑडिटरचा प्रश्न त्यामुळे नवा नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि हे कागद एआयकडून लिहून घ्यायची टूम निघाली. मजकूर सफाईदार यायचा. संदर्भ मागितले की तेही यायचे, पण त्यातले कित्येक अस्तित्वातच नसायचे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने असेच काल्पनिक निवाडे सादर करणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला, तेव्हा हा प्रकार सर्वांच्या नजरेत आला. यावरचा उपाय त्याआधीच, २०२० च्या एका शोधनिबंधात मांडला गेला होता : आधी दस्तऐवजांतून संबंधित उतारे शोधायचे, ते मॉडेलपुढे (मजकूर लिहिणाऱ्या एआयपुढे) ठेवायचे आणि मग लिहायला सांगायचे. २०२२ च्या अखेरीपासून एआय शोधयंत्रांच्या उत्तरांत दिसणारे संदर्भाचे छोटे आकडे हे त्याचेच रूप. आकडे दिसले म्हणजे काम झाले असे मात्र नाही. २०२३ मध्ये अशा चार शोधयंत्रांची तपासणी झाली. त्यांच्या उत्तरांतल्या जेमतेम ५१.५ टक्के वाक्यांना संदर्भाचा पूर्ण आधार होता, आणि दिलेल्या संदर्भांपैकी ७४.५ टक्केच आपल्या वाक्याला धरून होते.

वाद आहे तो संदर्भ कधी जोडायचा यावर. एक पद्धत अशी, की मॉडेलला मोकळेपणाने लिहू द्यायचे आणि मग प्रत्येक वाक्याशी जुळणारा उतारा शोधून चिकटवायचा. हे स्वस्त पडते, मजकूरही वाचनीय होतो, म्हणून बाहेरून काम करून देणाऱ्यांना हीच पद्धत आवडते. पण यात संदर्भ वाक्याचा उगम राहत नाही, नंतर गोळा केलेला साक्षीदार होतो. शोध शब्दसाम्यावर किंवा अर्थसाम्यावर चालतो, त्यामुळे चुकीच्या वाक्यालाही जवळचा उतारा मिळतोच. बिनसंदर्भ चूक निदान संशय तरी जागवते. संदर्भ लावलेली चूक थेट मशीनपर्यंत जाते.

रिॲक्टिव्ह रंगांचे, म्हणजे सुती धाग्याशी रासायनिक बंध करणाऱ्या रंगांचे, उदाहरण घ्या. एचई वर्गाच्या रंगांचे फिक्सेशन (धाग्यावर पक्के बसणे) साधारण ८० अंश सेल्सिअसला होते, एमई वर्गाचे ६० ला. माहितीपत्रकात दोन्ही एकाच तक्त्यात असतात आणि वर्गाचे नाव फक्त वरच्या ओळीत असते. शोधासाठी संगणक पत्रकाचे तुकडे पाडतो तेव्हा ही ओळ एका तुकड्यात राहते आणि आकडे दुसऱ्यात जातात. मग एमईच्या कार्यपद्धतीत ८० अंश येतात, शेजारी खऱ्या पत्रकाचा खरा पान क्रमांकही येतो. एमई ८० वर चालवला की रंगाची कापडाऐवजी पाण्याशी होणारी अभिक्रिया वाढते आणि शेड लॉटगणिक बदलते. उलट, एचई ६० वर ठेवला तर फिक्सेशन अर्धवट राहते आणि धुलाईत रंग जातो. टेरी टॉवेलला हे परवडणारे नाही.

म्हणून दुसरी पद्धत : तुकडे पाडतानाच तक्त्याची शीर्षओळ प्रत्येक तुकड्यात पुन्हा घालायची आणि तुकड्याला ओळखक्रमांक द्यायचा. त्यात पत्रकाचे नाव, आवृत्ती, तक्ता क्रमांक आणि छापील पान असावे. पीडीएफचे पान आणि छापील पान मुखपृष्ठ व अनुक्रमणिकेमुळे बहुधा जुळत नाहीत, तेव्हा कोणते पान दिले ते लिहायचे. मॉडेलने प्रत्येक विधानामागे ओळखक्रमांक आणि मूळ उताऱ्यातले दहा-बारा शब्द जसेच्या तसे द्यायचे. मग साधा प्रोग्राम पाहतो : हा क्रमांक मॉडेलला दिलेल्या तुकड्यांत होता का, ते शब्द त्यात आहेत का, आकडे जुळतात का. एखादे उत्तर ‘नाही’ आले की वाक्य लाल होते आणि माणसाकडे जाते. आकडा आणि शब्द जुळले तरी अट सुटलेली असू शकते, म्हणून तापमान आणि रसायनांच्या ओळी लाल नसल्या तरी मास्तरने वाचायच्याच.

आपल्याकडे यात आणखी दोन खाचखळगे आहेत. कार्यपद्धती मराठीत (काही ठिकाणी तेलुगूतही) हवी असते आणि पत्रक इंग्रजीत असते, त्यामुळे उद्धृत शब्द इंग्रजीतच ठेवावे लागतात. भाषांतर केले की जुळणी कोसळते. शिवाय संगणकाच्या लेखी देवनागरी ६० आणि इंग्रजी अंकांतले साठ (60) ही वेगळी अक्षरे आहेत. तुलनेपूर्वी अंक एका लिपीत आणले नाहीत तर बरोबर वाक्येही लाल होतात, आणि चार दिवसांत लोक लाल रंगाकडे बघणेच सोडतात. स्कॅन केलेल्या जुन्या मॅन्युअलमध्ये अंशाचे चिन्ह शून्य म्हणून वाचले जाते आणि ६० चे ६०० होतात, ते वेगळेच.

कारखान्यातल्या सवयीचे काय करायचे, यावर अजून एकमत नाही. पत्रकातले प्रमाण मऊ पाणी धरून असते. बोअरच्या जड पाण्यासाठी मास्तर सिक्वेस्टरिंग एजंट (पाण्यातले क्षार बांधून ठेवणारे रसायन) वाढवतो, आणि त्याला कुठलेच पत्रक नसते. अशा ओळीला ओढूनताणून पत्रक जोडण्यापेक्षा लॉट क्रमांक, तारीख, पाण्याच्या कठीणतेचे मोजमाप आणि सही असलेली अंतर्गत नोंद द्यावी. पत्रकाची नवी आवृत्ती आली तरी जुनी फाइल पुसू नये. जुन्या ओळखक्रमांकाची वाक्ये शोधून तेवढीच पुन्हा तपासावीत, आणि ती होईपर्यंत मशीनवर लावलेल्या प्रतीवर जुनीच आवृत्ती लिहिलेली राहू द्यावी.