पिना किती ते सोडा, छिद्रं किती नेमकी ते बघा

कुलूप घ्यायला बेळगावच्या खडे बाजारात जा नाहीतर निपाणीत, पहिली चौकशी आकड्याची होते: किती लिव्हरचं (आत किल्लीने उचलायच्या पट्ट्या किती)? छंद म्हणून किल्लीशिवाय कुलूप उघडायला शिकणाराही अशाच आकड्यामागे लागतो, फक्त लिव्हरऐवजी पिनांच्या. आधी तीन पिनांचं, मग चारचं, मग पाचचं. हा क्रम फारसा कामाचा नाही. का नाही, ते बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर उभा राहणारा माणूस चटकन सांगेल.

लायनस येल (धाकटे) यांनी १८६१ आणि १८६५ मध्ये ज्याची पेटंटं घेतली, ते पिनांचं कुलूप असं असतं: बाहेर स्थिर कवच, आत फिरणारा प्लग. दोन्हींतून जाणाऱ्या प्रत्येक छिद्रात एकावर एक दोन पिना, वर स्प्रिंग. वरची पिन अर्धी कवचात, अर्धी प्लगमध्ये अडकून प्लगला फिरू देत नाही. बरोबर किल्ली घातली की प्रत्येक जोडीचा सांधा नेमका प्लगच्या कडेला येतो.

पाच पिना आणि प्रत्येकीच्या दहा उंची धरल्या तर एक लाख किल्ल्या होतात. तरी कुलूप उघडतं, कारण पाचही छिद्रं काटेकोर एका रेषेत कधीच पडत नाहीत. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात का होईना, फरक राहतोच. प्लगला हलका पीळ दिला की आधी एकच पिन आवळते. ती कडेपर्यंत उचलली की प्लग किंचित सरकतो आणि पुढची आवळते. मग दहाचा पाच वेळा गुणाकार उरत नाही, पाच वेळा बेरीज होते. लाखाचं काम पन्नासावर येतं!

म्हणून सैल छिद्रांचं सात पिनांचं कुलूप घट्ट बसणीच्या पाच पिनांच्या कुलपाआधी उघडू शकतं. सरावाला कुलूप निवडताना पिना मोजण्यापेक्षा त्यात नवी अडचण कोणती, ते पाहावं. आणि ती एका वेळी एकच असावी.

पहिली अडचण उंचीची. पुढची, म्हणजे किल्लीच्या तोंडाजवळची, खालची पिन लांब असली तर तिला जरासंच उचलायचं असतं. तिच्या मागची आखूड असली तर तिला बरंच. मागचीला उचलताना पिकचा, म्हणजे पिना उचलायच्या बारीक अवजाराचा, दांडा पुढचीला नको तितकी वर ढकलतो. बुटक्या-उंच पिनांची अशी सरमिसळ हाताला खूप शिकवते, पण बाहेरून ती दिसत नाही. किल्लीचे दात पाहिले तर मात्र लगेच कळते.

खरी गंमत स्पूल पिनेची. ही वरच्या जागी बसते आणि दोऱ्याच्या रिळासारखी मधे बारीक असते. पीळ दिल्यावर प्लगची कड त्या बारीक भागात शिरते, प्लग चांगला दिसेल इतका फिरतो आणि थांबतो. उघडलं असं वाटतं, पण ते उघडलेलं नसतं. आता त्या पिनेला वर ढकललं की प्लग उलटा फिरू पाहतो. त्याला तसं फिरू द्यायचं, म्हणजे पीळ सोडायचा, पण इतकाच की आधी बसवलेल्या पिना खाली पडू नयेत. हे बोटांनीच शिकायचं. पारदर्शक प्लास्टिकचं कुलूप रचना समजायला ठीक आहे, सरावाला मला ते कुचकामी वाटतं.

दरवेळी नवं कुलूप विकत घ्यायची गरज नाही. पिना बदलता येतील असं एकच घ्यावं. प्लग काढताना त्याच्याच जाडीचा दांडा मागून सरकवत न्यावा लागतो, नाहीतर स्प्रिंगा खोलीभर उडतात. प्लगचा व्यास व्हर्नियरने मोजून न्या, कुणीही टर्नर पितळेच्या उरल्यासुरल्या तुकड्यातून तसा दांडा काढून देईल. मग एका पिनेपासून सुरुवात, दुसरी घाला, उंची बदला, एक स्पूल घाला.

कुलूप मात्र स्वतःचं हवं, आणि वापरातलं नको. दाराच्या कुलपात पिक तुटली तर तुमचंच घर बंद.

आपल्याकडच्या दारांवर लिव्हरची कुलपं भरपूर, आणि त्यांना अवजारं वेगळी लागतात. तत्त्व तेच: आवळलेला लिव्हर शोधायचा. इंग्लंडच्या चबचं १८१८ चं डिटेक्टर कुलूप यावरच तोडगा म्हणून बेतलेलं होतं. एखादा लिव्हर जास्त उचलला गेला की ते अडकून बसे आणि कुणीतरी छेडछाड केल्याचं मालकाला कळे. १८५१ मध्ये लंडनमध्ये अमेरिकन कुलूपतज्ज्ञ आल्फ्रेड हॉब्स यांनी ते २५ मिनिटांत उघडलं. ब्रामा या दुसऱ्या इंग्रज कुलूपकाराच्या कुलपाला मात्र त्यांना १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले.